मे महिन्याच्या सुट्टीत पेरू: तिथल्या शरद ऋतूतली सहल कशी आखावी

आपल्याकडे शाळांना सुट्ट्या लागतात, आंबे येतात, ऊन चाळिशीला टेकतं, तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे पेरूमध्ये शरद ऋतू चालू असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. दक्षिण अमेरिकेला जायचं तर खास रजा जुळवावी लागेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आपली एप्रिल-मेची सुट्टी आणि पेरूचे सर्वांत देखणे दिवस नेमके एकमेकांवर येतात.

मी आईला घेऊन गेले ती मे महिन्यातच. तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती. त्यामुळे या लेखात घाईची, एका दिवसात तीन ठिकाणं उरकणारी सहल सापडणार नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काय ठरवावं, एवढंच सांगते. क्रमावर माझा भर आहे, कारण पेरूची सहल फसते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. विमानाची तिकिटं आधी काढली जातात आणि माचू पिचूचं, म्हणजे डोंगरावरच्या त्या प्राचीन इन्का नगराचं, तिकीट नंतर शोधलं जातं. किंवा नकाशावरची अंतरं पाहिली जातात, उंची पाहायची राहून जाते.

आधी महिना पक्का करा

शरद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल-पिवळी पानगळ येते. अँडीज पर्वतातल्या पेरूत ती शोधू नका. तिथल्या डोंगरी माणसांच्या बोलण्यात दोनच ऋतू असतात, पावसाचा आणि कोरडा. साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस, मे ते सप्टेंबर कोरडं. एप्रिल या दोन्हींच्या सांध्यावर येतो. शरद म्हणजे पाऊस ओसरण्याचा काळ. डोंगर अजून हिरवे असतात, आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि शेतात बटाटा, मका, किन्वा काढणीला येतो. आपल्याकडच्या नवरात्र-दिवाळीच्या दिवसांची आठवण यावी असे हे दिवस.

मार्च टाळा. डोंगरात दरडी कोसळतात, रस्ते आणि रेल्वे बंद पडू शकतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातही दुपारची सर येऊ शकते, पण गर्दी कमी असते. माझी पसंती २० एप्रिल ते २५ मे या काळाला आहे. जूनमध्ये अमेरिका-युरोपच्या सुट्ट्या सुरू होतात आणि कुस्को, माचू पिचूच्या वाटेवरचं मुख्य शहर, भरून जातं.

ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह तुमच्या तारखांत येत असेल, तर कुस्कोत त्या सोमवारी ‘भूकंपांचा स्वामी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्तमूर्तीची मिरवणूक निघते. १६५०च्या भूकंपाशी जोडलेली ही परंपरा आहे. लोक मूर्तीवर ‘न्युक्चू’ नावाची लालभडक रानफुलं उधळतात. ती पाहण्यासारखी आहे, पण त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, म्हणून मुक्काम फार आधी ठरवावा लागतो. मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये ‘कोयुर रिती’ ही यात्रा असते. हजारो माणसं गावागावांतून नाचत-वाजवत हिमशिखराच्या पायथ्याशी जातात. वारी पाहिलेल्या माणसाला तिथली शिस्त आणि थकवा दोन्ही लगेच ओळखू येतील. मात्र ती जागा ४,००० मीटरहून बरीच उंच आहे, रात्री पाणी गोठतं. पहिल्या सहलीत तिकडे जाऊ नका.

मग माचू पिचूचं तिकीट, आणि त्यानंतरच विमान

इथे थोडं सविस्तर सांगते. माचू पिचूला रोज किती माणसं जाऊ शकतात याला मर्यादा आहे. तिकीट ठरावीक तारखेचं, ठरावीक तासाचं आणि ठरावीक वाटेचं असतं. २०२४च्या मध्यापासून आत तीन मुख्य फेऱ्या आहेत आणि त्यांच्या मिळून दहा वाटा. एकदा वाट निवडली की आत गेल्यावर दुसऱ्या वाटेवर जाता येत नाही आणि बाहेर पडल्यावर परत आत सोडत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरी फेरी घ्यावी. वरून दिसणारं, छायाचित्रांतलं ते दृश्यही मिळतं आणि खाली उतरून नगरातून चालताही येतं. पहिल्या फेरीत फक्त वरचं दृश्य, तिसरीत मुख्यतः खालचा भाग. वायना पिचूचा उभा कडा चढायचा असेल तर तिसऱ्या फेरीतली त्याची वेगळी वाट घ्यावी लागते आणि ती सर्वांत आधी संपते. मेसाठी तिकीट अडीच-तीन महिने आधी काढा, पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. परदेशी प्रौढांसाठी साध्या वाटांचं तिकीट २०२४-२५मध्ये १५२ सोल होतं. सोल हे तिथलं चलन.

वेळ कोणती घ्यावी? सगळे पहाटे सहाच्या मागे लागतात. पण शरदात उरुबांबा नदीच्या दरीतून सकाळी धुकं वर चढतं आणि पुष्कळदा नऊ-दहापर्यंत हटत नाही. आम्ही नऊची वेळ घेतली होती. आत गेलो तेव्हा समोर नुसता पांढरा पडदा होता. वीस मिनिटांनी तो वरून खाली नाही, खालून वर उघडत गेला. आधी पायऱ्यांची शेतं, मग भिंती, शेवटी शिखर. आई दगडावर बसून होती, काही बोलली नाही. सहाला आलेले बरेच जण तोवर बाहेर पडले होते.

तिकिटाच्या अर्जात आपल्या नावांचा घोळ होतो. स्पॅनिश अर्जात ‘नोंब्रेस’ म्हणजे नाव आणि ‘आपेयिदोस’ म्हणजे आडनाव. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते मधलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकू नका, गाळूही नका. पासपोर्टात जसं छापलंय तसंच भरा. प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्ट पाहतात, त्याची प्रत चालत नाही.

माचू पिचूला पायी नेणारी चार दिवसांची इन्का वाट चालायची असेल तर सगळंच आणखी आधी सुरू करावं लागतं. मार्गदर्शक आणि हमाल धरून रोज ५०० जणांनाच परवानगी असते, ती परवानाधारक संस्थेमार्फतच मिळते, आणि मेच्या जागा पाच-सहा महिने आधी संपतात. वाटेतली सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्यांना चढाची भीती नाही. पायऱ्या हरिश्चंद्रगडाच्या वाटेपेक्षा बऱ्याच सोप्या आहेत. दमवतं ते पातळ हवेतलं चालणं.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो आणि दूतावास नवी दिल्लीत आहे. पण ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा आहे, किंवा त्या देशांत कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्यांना २०१७पासून पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा लंडनला जाऊन आलेल्या आईवडिलांकडे असा व्हिसा पुष्कळदा असतोच. नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

भारतातून पेरूला थेट विमान नाही. मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस किंवा माद्रिदमार्गे लिमा हा सोयीचा मार्ग. एकूण प्रवास चोवीस तासांच्या पुढेच जातो. युरोपातले काही देश नुसतं विमान बदलायलाही भारतीयांकडे ट्रान्झिट व्हिसा मागतात आणि अमेरिकेतून गेलात तर तो लागतोच. स्वस्त तिकीट दिसलं की आधी हे तपासा. लिमाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही अ‍ॅमेझॉनच्या जंगलात पाऊलही टाकणार नसलात तरी पेरू हा पीतज्वराच्या यादीतला देश आहे, म्हणून तिथून परत येताना भारतात उतरल्यावर प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबईत आहेत, गोव्यात मुरगावला आहे. केंद्रांचे वार आणि वेळा ठरलेल्या असतात, आधी फोन करून जा. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढची माणसं, गरोदर स्त्रिया, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेले यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे. आईच्या वेळी आमच्या डॉक्टरांनी रक्ततपासण्या पाहूनच होकार दिला होता.

उंचीची शिडी

माझ्या मते सगळी सहल या एका गोष्टीवर उभी आहे. हे आकडे एकदा शांतपणे वाचा. कळसूबाई १,६४६ मीटर. माचू पिचू साधारण २,४३०. कुस्को साधारण ३,४००, म्हणजे जवळजवळ लेहइतकं. तितिकाका सरोवराकाठचं पुनो ३,८०० च्या वर. आरेकिपाहून कोल्का दरीकडे जाताना लागणारी खिंड ४,९०० मीटरच्या पुढे.

लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमानात बसलात की सव्वा तासात कुस्को. शरीराला कळायच्या आत जवळजवळ साडेतीन हजार मीटर. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, जिना चढताना धाप लागणं, याला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात. धडधाकट तरुणांनाही होतो, मॅरेथॉन धावणाऱ्यांनाही.

दहा-अकरा दिवसच असतील तर असं करा. कुस्कोच्या विमानतळावर उतरा, पण शहरात राहू नका. गाडीने थेट ओयांतायतांबोला उतरा, सुमारे दोन तास. ते २,८०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री काढा, मग रेल्वेने माचू पिचू आणि शेवटी कुस्को. म्हणजे सर्वांत उंच मुक्काम शेवटी येतो. तितिकाका या सहलीत बसवू नका. मन मोठं करून ते सोडून द्या.

पंधरा-सोळा दिवस असतील तर मात्र खरी शिडी चढता येते. लिमाहून आरेकिपा (२,३३५ मीटर), तिथे तीन रात्री. पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं हे शहर घाईने सोडण्यासारखं नाहीच. १५७९मध्ये स्थापन झालेला सांता कातालिनाचा मठ म्हणजे भिंतीआड वसलेलं एक गावच आहे. निळ्या-तांबड्या भिंतींच्या गल्ल्या आणि वर मिस्ती ज्वालामुखीचा सुळका. मग कोल्का दरीत एक-दोन रात्री, कोंडोर गिधाडं पाहायला. सकाळी ऊन तापायला लागलं की ती दरीतून वर तरंगत येतात, पंख न हलवता. तिथून पुनो, मग बसने कुस्को, शेवटी उरुबांबाचं खोरं आणि माचू पिचू. आम्ही असेच गेलो. आईला कोल्काच्या खिंडीत अर्धा तास डोकं जड झालं, बाकी काही त्रास झाला नाही.

उंचीवर पहिल्या दिवशी फक्त बसा, हळू चाला, पाणी पीत राहा, रात्री हलकं जेवा. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे विचारल्याशिवाय तिकीटच काढू नका. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो. तिथे तो रोजचा, कायदेशीर आणि अँडीजच्या लोकांसाठी पवित्र आहे. पण त्याची पुडी आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात.

इंद्रधनुष्यी डोंगर म्हणून प्रसिद्ध असलेली विनिकुंका ही जागा ५,००० मीटरवर आहे. कुस्कोत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे नेणाऱ्या सहली सर्रास विकल्या जातात. उंचीवर आठवडाभर राहिलेला नसाल तर जाऊ नका.

रेल्वे, बस आणि एक मोकळा दिवस

माचू पिचूला गाडीरस्ता नाही. ओयांतायतांबोहून रेल्वेने सुमारे पावणेदोन तासांत आग्वास काल्येन्तेस गाव, तिथून अर्ध्या तासाची वळणावळणाची बस. रेल्वेत मोठी बॅग नेऊ देत नाहीत. पाठीवरची छोटी पिशवी घ्या, बाकी सामान ओयांतायतांबोच्या मुक्कामी ठेवा, ही तिथली नेहमीची पद्धत आहे. गावात एक रात्र राहिलात तर वेळेची ओढाताण होत नाही.

आणि एक दिवस कोरा ठेवा. पेरूत आंदोलनं झाली की रस्ते आणि रूळ अडवले जातात. २०२३च्या जानेवारी-फेब्रुवारीत तर माचू पिचू काही आठवडे बंदच होतं. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी माचू पिचू ठेवलंत तर एका अडवलेल्या रुळावर सगळं कोसळेल.

कुस्को परिसरातल्या सोळा स्थळांसाठी १३० सोलचं, दहा दिवस चालणारं एकत्रित तिकीट मिळतं. साक्सायवामानच्या अवाढव्य दगडी भिंती, पिसाक, ओयांतायतांबो, मोराय हे सगळं त्यात येतं. मारासची मिठागरं त्यात नाहीत, त्यांचे पैसे वेगळे.

पैसे आणि कपडे

डॉलर न्या, पण नव्या, कोऱ्या नोटा. कडेला केसभर फाटलेली किंवा शाईचा ठिपका असलेली नोट तिथे कोणी घेत नाही. माझी शंभराची एक नोट तीन ठिकाणी परत आली आणि तशीच पुण्याला आली. सुट्टे सोल जवळ असू द्या, बाजारात दोनशेची नोट मोडायला त्रास होतो. हॉटेलात पासपोर्ट दाखवला की परदेशी पर्यटकांना १८ टक्के कर माफ असतो. बिल करण्याआधीच दाखवा.

मेमध्ये कुस्कोत दुपारी १९-२० अंश, रात्री २-३ अंश. बहुतेक साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते. एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर नेणं बरं. ऊन मात्र फसवं असतं, गारव्यात कळत नाही आणि संध्याकाळी नाक सोलून निघतं. टोपी आणि सनस्क्रीन हवंच.

शाकाहारी माणसाचं जेवण

‘सोय वेहेतारियाना’ म्हणजे मी शाकाहारी आहे (पुरुषाने ‘वेहेतारियानो’ म्हणायचं). एवढं पुरत नाही. ‘कार्ने’ म्हणजे मांस हा शब्द तिथे अनेकांना फक्त गोमांसासाठी वाटतो, कोंबडी त्यात धरत नाहीत. म्हणून पूर्ण म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नको. सूपच्या बाबतीत पुन्हा विचारा, भाज्यांचं सूपही कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. स्पॅनिश उच्चार आपल्याला जड नाहीत. त्यांचे त आणि द आपल्या त-द सारखेच आहेत, इंग्रजीसारखे ट-ड नाहीत. चार वाक्यं पाठ करून गेलात तर बाजारातल्या बायका तुमच्याशी बोलू लागतात.

आणि बाजारात जाच. आपल्या स्वयंपाकघरातल्या कितीतरी गोष्टींचं माहेर हे खंड आहे. बटाटा अँडीजचा, तिथे त्याला ‘पापा’ म्हणतात. जांभळा, काळा, गाठाळ, बोटासारखा लांब, असे ४,०००हून अधिक देशी वाण तिथे आहेत आणि शरद हा त्यांच्या काढणीचा काळ. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, तिथे ‘मानी’. रताळं ‘कामोते’. आपण ज्याला पेरू म्हणतो ते फळ तिथे ‘ग्वायाबा’ नावाने मागावं लागतं. सीताफळाची सख्खी बहीण म्हणजे ‘चिरिमोया’, गर मऊ आणि आंबटगोड.

आईची एकादशी कुस्कोत आली. तिच्या उपासाचं काय करायचं या काळजीत मी सान पेद्रो बाजारात फिरत होते आणि एका टोपलीत ओळखीचे बारीक फिके दाणे दिसले. ‘किविचा’. हा आपला राजगिराच, त्याच कुळातला अँडीजमधला वाण. शेजारी त्याच्या लाह्यांच्या मधात बांधलेल्या वड्या होत्या. आईने एक तोडून तोंडात टाकली आणि विकणाऱ्या बाईकडे पाहून मान डोलावली. सहा वड्या घेतल्या. उपासाला राजगिऱ्याची वडी आणि उकडलेलं कामोते, काहीच कमी पडलं नाही.

मेमध्ये खोऱ्यातल्या गावांत फिरताना शेतात धूर दिसला तर थांबा. ढेकळं रचून घुमट करतात, आत जाळ लावून तो लाल तापवतात, मग बटाटे आत टाकून सगळं ढेकळांसकट पाडून झाकून ठेवतात. याला ‘वातिया’ म्हणतात. रायगडातली पोपटी खाल्लेल्यांना वास ओळखीचा वाटेल. बरोबर ‘उचुकुता’ असते, हिरवी मिरची आणि वाकाताय नावाचा पाला दगडावर वाटलेला, कधी त्यात भाजलेले दाणेही. थोडक्यात ठेचाच. आम्हाला एका कुटुंबाने बांधावर बसवून खायला घातलं. त्या घरच्या आजींना आई मराठीत सांगत होती की यात लसूण घाला, आणि त्या केचुआत, म्हणजे तिथल्या डोंगरी लोकांच्या भाषेत, काहीतरी उत्तर देत तिच्या ताटलीत आणखी दोन बटाटे ठेवत होत्या.